एका हाताची ओंजळ

जन्मजात वेगळ्या हातांची वर्गवारी मुंबईत ज्या सरांनी आम्हाला शिकवली, त्यांचे खण तीनच होते. कमी, जास्त आणि जुळलेले. बोट नाही, अंगठा नाही, हाताचं एखादं हाडच नाही, की हात पहिल्या खणात. सहावं बोट दिसलं की दुसऱ्यात. दोन बोटं कातडीने एकमेकांना चिकटलेली असली की तिसऱ्यात. "आधी खण ठरवा, मग सुरी उचला," असं सर म्हणायचे, आणि मला ते मनापासून पटायचं. माझा स्वभावच तसा आहे. मोहरीच्या डब्यात जिरं सापडलं तर माझा अख्खा दिवस धुसफुसण्यात जातो.

एकोणीसशे सदतीस साली मी अक्कलकुव्याच्या एका धर्मार्थ दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झाले. माझे वडील नंदुरबार स्टेशनात मालधक्क्यावर कारकून होते. मिरच्यांच्या पोत्यांमध्ये शिंकत आणि गल्लीतल्या पोरींशी अहिराणीत भांडत मी मोठी झाले होते, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. अडचण होती ती बाई असण्याची. आधी कोणी फिरकेना. मग बाळंतिणी येऊ लागल्या, त्यांच्यामागून सासवा, आणि सासवांच्या मागून नाइलाजाने पुरुष. दवाखान्यात मी आणि कंपाउंडर चुनीलाल, एवढेच. चुनीलाल तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा. औषधं चोख बनवायचा, पण औषधांच्या कपाटात वीतभर लांबीचा आरसा ठेवायचा आणि दोन रोग्यांच्या मधल्या वेळात मिशा बघायचा.

वेगळे हात मला तिथे अधूनमधून दिसत. सगळे मुकाट्याने आपापल्या खणात जात. मला बरं वाटायचं.

माघातल्या एका बाजाराच्या दिवशी जान्या नावाचा माणूस आपल्या मुलीला घेऊन आला. काठी गावाकडच्या डोंगरातला होता. मुलीचं नाव गुलाब, वय सोळा-सतरा असेल, आणि तिचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. मला वाटलं, भाजलं असेल.

"बाई, तीन बोटं कापी टाक," ती स्टुलावर बसायच्या आधीच म्हणाली. "पाच ऱ्हाऊ दे."

डोंगरातली माणसं घरात भिली बोलतात. हिची अहिराणी दर हिवाळ्यात तापीकाठी कापूस वेचायला जाऊन शिकलेली होती. आणि ही माणसं कलेक्टरलासुद्धा तूच म्हणतात, त्यात उर्मटपणा नसतो.

"बोटं म्हंजे काय भेंडी शे का?" मी म्हटलं. "कसाले कापानी?"

"मन्हं लगीन ठरेल शे. दलसिंगनी आजी म्हनस, आठ बोटंना हात आमना घरमा चालत नई."

जान्याने मान खाली घालून बाकीचं सांगितलं. दलसिंग चांगला मुलगा होता, चार बुकं शिकलेला. त्याने गुलाबचा हात लहानपणापासून पाहिलेला होता आणि त्याला गुलाबच हवी होती. अडून बसली होती ती त्याची आजी, रेवाबाई. त्यांच्या गावात होळीचा बांबू रोवायला जो खड्डा करतात त्याला लोखंड लावत नाहीत, हातांनीच माती उकरतात. घरात सून होऊन येणारी मुलगी लग्नाआधीच्या होळीला त्या खड्ड्यातून मूठभर माती काढते. ती माती घरच्या कणगीच्या तळाशी जाते, आणि पुढे दरवर्षी पेरणीचं पहिलं बी त्याच मुठीने पडतं. त्या घराचं ते माप. रेवाबाईचं म्हणणं एवढंच होतं, की आठ बोटांची मूठ हे कसलं माप? होळीपर्यंत हात पाच बोटांचा झाला तर मुलीने माती काढावी, नाही तर दुसरं घर बघावं.

मी फडकं सोडलं.

असा हात मी कधी पाहिला नव्हता. तळवा रुंद, आपल्या तळव्याच्या दीडपट, आणि त्याला एका ओळीत आठ बोटं. एकही थोटं नाही, एकही लोंबतं नाही. आठही लांबसडक, तीन-तीन पेरांची, स्वच्छ नखांची. चुनीलाल खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि बाटली ठेवायचीच विसरला.

तरी माझ्या डोक्याने सवयीने हिशेब केला. आठातून पाच गेले, तीन जास्त. दुसरा खण. कापायला अवघडही वाटेना. "व्हई जाई," मी म्हटलं. गुलाबने बापाकडे पाहिलं आणि तोंडावर पदर धरून हसली.

कोणती तीन काढायची त्यांवर शाईने खुणा कराव्यात म्हणून मी दौत पुढे ओढली. आम्ही डॉक्टर बोटं मोजतो ती अंगठ्यापासून. अंगठा पहिला, करंगळी पाचवी. मी तिच्या हाताच्या एका कडेला अंगठा शोधला. तिथे करंगळी होती. म्हटलं, घाईत चुकीच्या कडेला आले. दुसरी कड धरली. तिथेही करंगळी होती. टाक तसाच हातात राहिला आणि शाईचा थेंब माझ्याच लुगड्यावर पडला.

मग मी सावकाश, एकेक बोट चिमटीत धरून पाहिलं. करंगळी, अनामिका, मधलं, तर्जनी. आणि लगेच पुन्हा तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी. अंगठा कुठेच नव्हता. मी तिचं कोपर चाचपलं. माणसाच्या कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, एक अंगठ्याच्या बाजूचं, एक करंगळीच्या. आपण टेबलावर जे कोपराचं टोक आपटून घेतो ते करंगळीच्या बाजूच्या हाडाचं. गुलाबला तशी टोकं दोन होती. अंगठ्याच्या बाजूचं हाड तिला मिळालंच नव्हतं, त्याच्या जागी करंगळीचंच हाड दुसऱ्यांदा आलं होतं. म्हणून तिचं कोपर पुरतं वाकत नव्हतं, आणि तळवा उताणा करायचा तर ती सगळी खांद्यातून वळत होती.

आईच्या पोटात, अंधारात, कोणी बघत नसताना, अर्धा हात घडला होता आणि मग तोच अर्धा पुन्हा, नेमका उलटा, पहिल्याच्या समोर बसवला गेला होता. एक पेर इकडचं तिकडे झालं नव्हतं. अंगठा नाही म्हणून तो कमीच्या खणात जायला हवा होता, बोटं आठ म्हणून जास्तच्या. आणि खरं बघितलं तर त्याच्यात काही कमी नव्हतं आणि काही जास्तही नव्हतं, कारण प्रत्येक बोटाचा जोडीदार त्याच्या समोर हजर होता. सरांचे तिन्ही खण माझ्यासमोर रिकामे पडले आणि मला त्याचा जरासुद्धा राग आला नाही. देवळात गेल्यावर मला जे वाटायला हवं आणि कधी वाटत नाही, ते मला त्या स्टुलासमोर वाटलं.

"हाई धर," मी म्हटलं आणि आयोडीनची बाटली पुढे केली.

गुलाबचा तळवा मधोमध मिटला. पुस्तक मिटावं तसा. चार बोटं इकडून आली, चार तिकडून, आणि बाटली मध्ये घट्ट बसली. मी ओढून पाहिली, सुटेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण काय करायला निघालो होतो. ही चार बोटंच त्या चारांचा अंगठा होती. तीन कापली असती तर मोजायला पाच उरली असती, पण त्यांनी तिला भाकरीचा तुकडाही धरता आला नसता.

हे तिला सांगायचं कसं? हाडांची नावं सांगून काही उपयोग नव्हता. मी टेबलाकडे पाहत बसले आणि मग मला सुचलं.

"चुनीलाल, आरसा आण."

"कोन्हा? मन्हा?"

"नई, लाटसाहेबना."

त्याने तो धोतराला पुसून, जिवावर आल्यासारखा माझ्या हातात दिला. मी माझा हात टेबलावर पालथा ठेवला, अंगठा तळव्याखाली दुमडला आणि तर्जनीच्या कडेला चिकटवून आरसा उभा धरला. आरशात माझी चार बोटं उलटी उमटली. खरी चार आणि आरशातली चार, मध्ये फट नाही. माझ्या मनगटाच्या पुढे गुलाबचा हात होता.

जान्या दोन पावलं मागे सरला. चुनीलाल खाली वाकला, आरशाच्या मागे डोकावला, परत पुढे आला. मलासुद्धा, मीच सगळं केलेलं असून, स्वतःच्या हाताची ओळख पटेना. मी करंगळी हलवली, आरशातली हलली. गुलाबने आपला हात माझ्या हाताशेजारी ठेवला आणि दोन्हीकडच्या करंगळ्या हलवल्या.

"हाऊ तर मन्हा हात शे," ती हळूच म्हणाली. "तुन्हाकडे कसा वना?"

मी तिला म्हटलं की सगळ्यांकडे अर्धा असतो, तुझ्याकडे पुरा आला. त्यातलं एक बोटही फालतू नाही आणि मी एकालाही हात लावणार नाही. कापल्यावर हाताचं काय होईल तेही सांगितलं, काही न लपवता.

ती आपली आठही बोटं उघडत-मिटत राहिली. मला वाटलं, पटलं. मग तिने विचारलं, "पन पाच दिसतीन ना?"

"दिसतीन. पन भाकर धरशी कसाघाई?"

"नई धरसू. दलसिंग ते ऱ्हाई." तिचे डोळे भरून आले होते आणि ती माझ्यावर चिडलेली होती. "तू नई कापशी ते मी कापसू. घरमा इळा शे."

विळ्याने खरोखरच कापतील अशी माणसं मी पाहिलेली होती. मी जान्यावर ओरडले, त्याला बजावलं, विळा लपवून ठेव म्हटलं. तो हो हो म्हणत राहिला. दारापर्यंत गेलेली गुलाब परत आली आणि डाव्या हाताने टेबलावरचा आरसा उचलला. मागितला नाही, नुसती माझ्याकडे पाहत उभी राहिली. मी मान हलवली. चुनीलाल त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही.

त्यानंतर मी सरांना त्या हाताचं चित्र काढून पाठवलं. उत्तर आलं, 'जास्त'च्या खणात घालावा. मी त्या कागदाचा बोळा केला. फाल्गुन लागला तरी डोंगरातून काही कळेना. बाजाराला येणाऱ्या प्रत्येकाला मी जान्याच्या मुलीचं विचारायची आणि प्रत्येक जण म्हणायचा, हात फडक्यात असतो, आम्हाला काय दिसणार.

काठीची होळी झाली की आसपासच्या गावांच्या होळ्या लागतात. दलसिंगच्या गावची होळी होती त्या दिवशी मी पहाटेच बैलगाडी जोडायला सांगितली. "मी बी येस," चुनीलाल म्हणाला. "मन्हा आरसा तठे शे." पायथ्याला गाडी सोडून आम्ही चढण चढलो. पळस फुलला होता. वाटेत डोक्यावरून नवी फडकी घेतलेल्या बाया, मोरपिसांचे टोप हातात सांभाळत चाललेले पुरुष, सगळे आम्हाला मागे टाकून जात होते. मला दम लागला होता आणि डोक्यात फक्त विळा होता.

गावात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. उंच बांबू सोलून आडवा ठेवलेला होता आणि त्याच्या बुडाशी खड्डा तयार होत होता. माणसं आळीपाळीने पालथी पडून खांद्यापर्यंत हात घालत आणि माती वर काढत. कडेला एक म्हातारी बसली होती, हातभर गोंदण, पाठ ताठ. तीच रेवाबाई. तिच्या बाजूला दलसिंग उभा होता आणि त्याला कुठे बघावं ते कळत नव्हतं. समोर जान्या आणि गुलाब. गुलाबचा उजवा हात फडक्यात होता. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण ती माझ्याकडे बघेना. मला वाटलं, संपलं. उशीर झाला.

रेवाबाईने भिलीत काही विचारलं. दलसिंगने माझ्याजवळ येऊन शाळेतल्या मराठीत सांगितलं, "आजी विचारते, पाच झाली का?"

गुलाब म्हातारीच्या समोर गुडघ्यांवर बसली. डाव्या हाताने कमरेचा आरसा काढला. मग दातांनी उजव्या हाताच्या फडक्याची गाठ सोडली. मी बोटं मोजली. आठ होती. मला रडू आलं आणि मी ते चुनीलालपासून लपवलंही नाही.

म्हातारीची नजर त्या हातावर गेली आणि तिचं तोंड घट्ट मिटलं. गुलाबने तिचा हात धरला. म्हातारीने ओढून घेतला नाही, बहुधा तिला कोणी असं धरेल हे अपेक्षितच नव्हतं. गुलाबने तो हात जमिनीवर पालथा ठेवला, अंगठा खाली दुमडला आणि तर्जनीच्या कडेला आरसा उभा केला. माझ्याहून सफाईने केलं तिने. घरी किती जणांच्या हातांवर करून पाहिलं असेल कोण जाणे.

रेवाबाईच्या समोर आठ बोटांचा हात उमटला. म्हातारा, सुरकुतलेला, गोंदणाचे ठिपके दोन्हीकडे सारखे. तिने करंगळी उचलली. दोन करंगळ्या उठल्या. तिने स्वतःच आरसा बाजूला केला, अर्धा हात नाहीसा झाला. परत लावला, परत आला. गुलाबने तिच्या शेजारी आपला हात ठेवला. खड्ड्याजवळची माणसं काम सोडून गोळा झाली. म्हातारी इतका वेळ बघत राहिली की ढोलवाल्यानेही हात थांबवला.

मग ती काहीतरी म्हणाली, गुलाबकडे न बघता, आरशाकडेच बघत.

"आजी म्हणते," दलसिंग माझ्याकडे वळून म्हणाला, "माझ्याकडे अर्धाच आहे."

रेवाबाईने आरसा बाजूला ठेवला आणि हनुवटीने खड्ड्याकडे खूण केली. गुलाब पालथी पडली. तिला मनगट फिरवता येत नाही, म्हणून ती सगळं अंग वळवून खांद्यापर्यंत आत गेली. थोडा वेळ नुसती तिची पाठ दिसत होती. मग हात हळूहळू वर आला. तळवा मधोमध वाकलेला, चार बोटं या बाजूला, चार त्या बाजूला, आणि मधल्या खळग्यात लाल माती काठोकाठ. आपण ओंजळ करतो तेव्हा दोन करंगळ्या मध्ये जुळतात. हिच्या करंगळ्या दोन्ही काठांना होत्या. तरी ती ओंजळच होती. वर येईपर्यंत एक कण सांडला नाही.

हात रेवाबाईच्या समोर येऊन थांबला. आतापर्यंत त्या हाताला मी, सरांनी, सगळ्यांनी आपापला खण दाखवला होता. म्हातारीने मातीकडे पाहिलं, मग बोटांकडे, आणि मग ती शांतपणे बोलली.

"आजी म्हणते, ही मूठ नाही," दलसिंग म्हणाला. "ओंजळ आहे. आमच्या घराचं माप वाढलं."

गुलाबने हात पुढे केला. आणि ती माती घ्यायला म्हातारीला आपले दोन्ही हात जोडून पुढे करावे लागले.